जिवंत बांगड्याचा रंग

इंदूर शहराच्या पश्चिमेकडील अन्नपूर्णा भागात सध्या माझा मुक्काम आहे. ह्या भागास नाव मिळाले ते तेथील अन्नपूर्णेच्या देवळावरून. १९५९ साली उभारलेल्या ह्या देवळाच्या महाद्वारी प्रचंड हत्ती कोरलेले असून ते पाहावयास दूरदूरचे लोक येतात. होळकरांच्या काळापासून इंदुरास मराठी माणसांची वस्ती आहे. भाजीबाजारात, बसमध्ये, शेजारच्या ओसरीवर मराठी कानी पडते आणि परक्या प्रांतात आहोत हे क्षणभर विसरावयास होते. मी वसईचा. १७३९ च्या वसईच्या वेढ्यात मल्हारराव होळकरही होते, हे येथे आल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी मला हसत हसत सांगितले होते. तेव्हा ह्या दोन गावांची ओळख जुनीच म्हणावयाची.

परंतु वसई आणि इंदूर ह्यांत एक मोठे अंतर आहे, ते समुद्राचे. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच वसलेले. कोणत्याही दिशेस गेले तरी तीनशे किलोमीटरांच्या आत समुद्र नाही. येथे पिण्याचे पाणीसुद्धा १९७८ पासून नर्मदेहून नळांनी वर चढवून आणावे लागते. बाजारात मासळी मिळते ती बहुधा तळ्यांतील रोहू, कटला. समुद्राची मासळी येते ती बर्फाच्या पेटीतून, डोळे पांढरे झालेली.

येथील काही मराठी कुटुंबांची मुले रविवारी माझ्याकडे शिकावयास येतात. एका रविवारी गालील सरोवरातील मासेमारीची गोष्ट चालली असता नऊदहा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "फादर, तुम्ही समुद्राजवळचे ना? मग समुद्रातला मासा जिवंत असताना कसा दिसतो?"

वाचकहो, ह्या साध्या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. माझा जन्म समुद्रापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर झाला. परंतु आमचे घर शेतकऱ्यांचे. केळीची बाग, पानवेली आणि विहीर हेच आमचे जग. मासळी येई ती कोळिणीच्या पाटीतून. आई ओट्यावर बसून तिच्याशी भावाची घासाघीस करी आणि आम्ही मुले जेवावयास बसत असू. वयाची चव्वेचाळीस वर्षे लोटली, अर्ध्याहून अधिक पृथ्वी व्यापणाऱ्या पाण्याच्या काठी वाढलो, जाळी आणि होड्या ह्यांवर कितीतरी प्रवचने केली; पण समुद्रात पोहणारा जिवंत मासा मी कधी पाहिला नव्हता. त्या मुलास मी म्हटले, "पाहून येतो आणि मग सांगतो."

गेल्या जानेवारीत सुटी मिळाली तेव्हा हे वचन पाळावयाचे ठरविले. प्रथम वसईतच चौकशी केली. पण आमच्याकडचा समुद्र खाड्यांच्या गाळाने गढूळ, भरती-ओहोटीचा ओढ जबरदस्त. तेथे ओढीच्या पाण्यात डोल जाळी रोवून बोंबील, जवळा धरतात. पाण्यात काय चालले आहे ते दिसणे नाही. मालवणात राहणारे माझे एक स्नेही धर्मगुरू म्हणाले, "जिवंत मासा पाहावयाचा, तर गळाने धरणाऱ्यांबरोबर जा. हिवाळ्यात आमच्याकडे पाणी निवळते, खडकही पुष्कळ आहेत. मी एका तांडेलास सांगून ठेवतो." म्हणून वसईहून कोकण रेल्वेने कुडाळ आणि तेथून मालवण असा प्रवास करून मी संध्याकाळी बंदरावर पोहोचलो. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला मावळतीच्या उजेडात उभा होता. १६६४ साली शिवाजी महाराजांनी तो बांधावयास घेतला. त्याचा तट लाटांच्या रेषेप्रमाणे नागमोडी वळत गेलेला आहे.

तांडेल साठीच्या पुढचे, कृश, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांचा धाकटा मुलगा पंचविशीचा. पहाटे साडेचार वाजता आम्ही तिघे निघालो. होडी फायबरची, मागे इंजिन लावलेली, लांबी सुमारे आठ मीटर. हे माप कानी पडताच मला गालील सरोवरातील ती जुनी होडी आठवली. १९८६ साली दुष्काळाने पाणी ओसरले असता ती गाळात सापडली. येशूच्या काळाच्या आसपासची ती होडी, तीही सुमारे आठच मीटर लांब. पेत्र आणि त्याचे सोबती एवढ्याच फळकुटावर वादळास तोंड देत होते, हे पुस्तकात वाचून कळले होते. अंधारात त्या फळकुटावर पाय ठेवल्यावर ते गुडघ्यांस कळले.

जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला होता. वल्ह्याने पाणी ढवळले की त्यात निळसर ठिणग्या उठत. दूर क्षितिजावर दिव्यांची एक लखलखती रांग दिसत होती. मी भाबडेपणाने विचारले, "ते कोणते गाव?" मुलगा म्हणाला, "गाव नाही फादर, लाइटवाल्या बोटी." प्रखर दिव्यांनी मासळी एकत्र बोलावून ती घेरून उचलण्याची ही पद्धत. केंद्र सरकारने २०१७ साली तिला मनाई केली, त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्र शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. तथापि लहान होडीवाल्यांची तक्रार अद्याप मिटलेली नाही. तांडेलांनी त्या दिव्यांकडे एकदा पाहिले आणि मान फिरविली. ते काही बोलले नाहीत.

किल्ल्याच्या मागे गेल्यावर इंजिन बंद झाले. येथे आमिषाचे मासे धरावयाचे होते. मुलाने एक बारीक तंगूस काढली. तिला सहा चिमुकले गळ आणि प्रत्येक गळाला पिसाचा पांढरा तुकडा. खाली शिसे. ही दोरी पाण्यात सोडून हळूहळू वर-खाली करावयाची. लहान माशांस ती पिसे म्हणजे किडे-कोळंब्यांचा थवा वाटतो. दोन-तीन वेळा रिकामी आली आणि चौथ्या खेपेस दोरी थरथरू लागली. वर काढली तो तिला एकदम तीन बांगडे!

उजाडू लागले होते. त्यातला एक धरावयास मी हात पुढे केला, तोच तांडेल म्हणाले, "फादर, आधी हात भिजवा."

कोरड्या, गरम हाताने धरले की माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो. तो थर म्हणजे त्याचे वस्त्र. ते गेले की त्यास रोग जडतो, तो फार वेळ जगत नाही. मी हात समुद्रात बुडविला आणि बांगडा तळहातावर घेतला. वाचकहो, बांगडा म्हणजे काय हे मला त्या क्षणी प्रथम कळले. पाठीवर मोरपिसाची हिरवी-निळी झळाळी, तीवर शाईने ओढावी तशी गडद नक्षी, पोटाकडे चांदी आणि त्या चांदीत उगवतीचा गुलाबी रंग. सारे अंग एखाद्या ताणलेल्या तारेप्रमाणे कंप पावत होते. पाटीतून घरी येणारा करडा बांगडा आणि हा ह्यांचे नाव एकच असावे हेच मला नवल वाटले.

चौदा बांगडे जमले. ते समुद्राच्या पाण्याने भरलेल्या निळ्या पिंपात सोडले आणि ते पिंप तांडेलांनी माझ्या स्वाधीन केले. काम सोपे होते. तांब्याने पिंपातील पाणी काढून टाकावयाचे आणि बादलीने ताजे ओतावयाचे, थांबावयाचे नाही. "पाणी बदलत रवा," एवढेच ते म्हणाले. कारण मुलाने समजावून सांगितले. बांगड्यासारख्या माशास एका जागी स्थिर राहून पुरेसा श्वास घेता येत नाही. तो तोंड उघडे ठेवून सतत पोहतो, तेव्हा कल्ल्यांतून पाणी वाहते आणि त्यातला प्राणवायू त्यास मिळतो. पिंपात दाटी, पाण्यातला प्राणवायू पाहता पाहता संपतो. ताजे पाणी हाच त्यांचा श्वास.

लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर ही विद्या फार पुरातन काळापासून आहे असे मी पुढे वाचले. तेथील मच्छीमार बेटाजवळच्या उथळ पाण्यातून चिमुकले मासे धरून ते होडीतच पाण्यात जिवंत ठेवतात. कुप्यांचा थवा दिसला की ते मूठमूठ समुद्रात फेकतात, वर पाण्याचा शिडकावा करतात. कुपा मासे भान विसरून उसळतात आणि मग काठीला बांधलेल्या बिनकाट्याच्या गळांनी ते एकेक करून भराभर वर ओढले जातात. तेथेही सारी मदार असते ती त्या चिमुकल्या माशांस जिवंत ठेवण्यावर.

सातच्या सुमारास आम्ही खडकावर पोहोचलो. खडक पाण्याखाली, वर नुसता समुद्र. मुलाने मोबाइलवरील नकाशा पाहून जागा सांगितली. तांडेलांनी किनाऱ्याकडे पाहिले. किल्ल्याचा एक बुरूज मागच्या डोंगराच्या खिंडीत आला, आणि दुसऱ्या बाजूस दोन टेकड्या एकीआड एक झाल्या, तेव्हा त्यांनी मान हलविली. दोघांच्या खुणा जुळल्या. शिसे सोडून खोली मोजली, ती पंधरा वाव भरली. नांगर टाकला.

बाप-लेकांच्या दोन रीती येथे दिसल्या. मुलाजवळ काठी आणि रीळ होते. त्याच्या दोरीच्या टोकाला शिशाचा, माशाच्या आकाराचा, आरशासारखा चकचकीत तुकडा, त्यास वरच्या अंगाला गळ लोंबकळत असलेला. ह्यास तो 'जिग' म्हणे. तो तळापर्यंत सोडावयाचा आणि झटके देत वर आणावयाचा. झटक्यास तो उसळतो, ढिलाईस घायाळ माशाप्रमाणे डोलत खाली जातो, आणि बहुधा तो खाली जात असतानाच मोठा मासा त्यावर झडप घालतो. माकूल धरावयाचे जिग निराळे; कोळंबीच्या आकाराचे आणि शेपटीला टाचण्यांचे कडे असलेले. जपानात ही कोळंबी पूर्वी लाकडाची कोरीत असत. तांडेल ह्या सर्वास 'शिशाचो बांगडो' म्हणत आणि हसत. त्यांची रीत जुनी. हातात तंगूस, टोकाला एक मोठी गरी, आणि तीवर जिवंत बांगडा. गरी पाठीच्या कातडीतून अशा बेताने घालावयाची की कण्यास धक्का लागू नये. मग तो खाली जाऊन आपला आपण पोहतो.

दोहोंतील भेद मला असा दिसला. जिगचे सारे चैतन्य माणसाच्या हातात असते. हात थांबला की ते शिसे. जिवंत आमिषाचे काम नेमके उलटे. तेथे माणसाने थांबावयाचे असते.

होडी नांगरावर डोलू लागली आणि थोड्याच वेळात माझ्या पोटात कालवाकालव सुरू झाली. पुढील अर्ध्या तासाची हकीकत सांगण्याजोगी नाही. तरीही एका हाताने होडीचा काठ धरून दुसऱ्या हाताने मी पाणी बदलीत राहिलो. तांडेलांनी एक मोठा तांबोसा वर घेतला. लाल मासा, खवले पैशाएवढे. पाठोपाठ दुसरा. माझ्या बांगड्यांनी हे आणले ह्याचा मला अभिमान वाटला आणि पोटही निवळले.

नऊ वाजता मुलाने मला विचारले, "फादर, एकदा जिग मारून बघता?" मी काठी घेतली. वीसेक झटके दिले असतील, तोच काठी वाकली आणि रीळ ओरडू लागले. हातातील सामर्थ्याचा तो अनुभव शब्दांत सांगता येत नाही. लहान मुलासारखा मी ओरडत होतो. दोनेक किलोची सुरमई वर आली. लगेच पुन्हा जिग सोडले, पुन्हा सोडले. वेळ किती गेला कोण जाणे. ऊन चढले होते. मग तांडेल आमिष घ्यावयास पिंपाकडे वळले आणि तसेच वाकून उभे राहिले.

पाणी बदलावयाचे मी विसरून गेलो होतो.

पिंपात आठ बांगडे पोट वर करून तरंगत होते. तीन कसेबसे हवेकडे तोंड उघडून फिरत होते. मी गुडघे टेकून त्यातला एक उचलला. पाठीवरची हिरवी झळाळी माझ्या डोळ्यांदेखत विझत होती. नक्षी पुसट होऊन सारे अंग एका करड्या रंगात मिसळत होते. लहानपणापासून पाटीत पाहिलेला बांगडा, माझ्या ओळखीचा बांगडा, आता माझ्या हातात होता.

मी क्षमा मागितली. तांडेल रागावले नाहीत. रागावते तर बरे झाले असते. त्यांनी मेलेले बांगडे बाजूस ठेवले. त्यांचे तुकडे आमिषास चालतात, पण त्यांवर शिंगाळे आणि बारीकसारीक मासळी येते. खडकातला मोठा मासा बहुधा जिवंतासच भुलतो. नवे बांगडे धरावयास आता उशीर झाला होता, ऊन चढल्यावर ते खोल जातात. होडीचे पेट्रोल, बर्फ आणि तिघांची पहाट, ह्या सर्वांची वसुली त्या पिंपात होती आणि तिचा मोठा भाग मी एका तासाच्या मौजेत घालविला होता. मुलाने मान खाली घातली. काठी त्यानेच मला दिली होती.

उरलेल्या तिघांपैकी दोन बांगड्यांवर काही लागले नाही. शेवटचा बांगडा तांडेलांनी गरीवर घेतला आणि दोरी माझ्या हातात दिली. मी नको नको म्हणालो. ते म्हणाले, "घेवा. बघूक इलास ना?"

ह्या वेळी मी थांबलो. दोरीतून बांगड्याच्या शेपटीचे फटकारे बोटांस कळत होते. त्या स्तब्धतेत मी तांडेलांस मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रसंग सांगितला. शुभवर्तमानांत जाळ्यांच्या कथा अनेक, पण गळ टाकावयाची आज्ञा एकदाच आली आहे. मंदिराचा कर भरावयास नाणे हवे होते तेव्हा पेत्रास ती झाली. तांडेलांस हे ठाऊक नव्हते. त्यांची मुद्रा उजळली. "म्हणजे पेत्र गरवी पण होतो? मगे तो आमच्यातलोच."

इतक्यात बांगड्याचे फटकारे एकाएकी वाढले. तो भ्यालेला आहे हे पंधरा वाव वरून मला कळले. मग एक जड ओढ लागली. "जावंदे तेका, खावंदे," तांडेल कुजबुजले. दोरी बोटांतून सरकत गेली. "आता!" मी ओढले. पलीकडून जे बळ आले त्याने मी होडीच्या काठावर आपटलो, दोरीने तळहात कापला. वाव-दोन वाव दोरी आत आली आणि मग एकदम सारे थांबले, जणू खडकालाच गरी लागली. थोडे घासल्यासारखे झाले आणि दोरी हलकी होऊन हाती आली. टोक तुटलेले होते.

"गोबरो," तांडेल म्हणाले. "आपल्या घराक गेलो." हा मासा खडकाच्या कपारीत राहतो. संकट आले की कपारीत शिरून कल्ले फुगवितो, मग त्यास कोणी हलवू शकत नाही. ते हसले, आणि त्या सकाळी प्रथमच मुलगाही हसला.

परतीच्या वाटेवर हिशेब मांडला गेला. दोन तांबोसे, चार सुरमया, काही शिंगाळे. खर्च निघेल, त्यावर थोडे उरेल. मुलगा एका मोठ्या बोटीवर कामास जावे की काय ह्या विचारात होता. तेथे महिन्याचा पगार ठरलेला असतो. बापाने त्यास अडविलेले नव्हते. "गरीन एक एक येता," तांडेल सांगत होते, "बारको इलो तर परत सोडूक गावता. जाळ्यात गावल्यार काय सोडतलास?" ह्यात तक्रार नव्हती. एखादा शेतकरी बियाण्याविषयी बोलतो तसे ते बोलत होते.

बंदरावर उतरल्यावर मी खिशात हात घातला. मेलेल्या बांगड्यांची भरपाई करावी असे मनात होते. पैसे पुढे करताच तांडेलांचा चेहरा उतरला आणि माझी चूक मला कळली. एका दिवसातली दुसरी. त्यांनी माझा हात मागे सारला. "पैशे नको, फादर. इंदुराक गेल्यार लोकांका सांगा, मासो म्हाग कित्याक असता ता."

पुढच्या रविवारी अन्नपूर्णेस मुले जमली. त्या मुलाने प्रश्न विसरला नव्हता. मी त्यास मोरपिसाचा हिरवा-निळा रंग सांगितला, चांदी सांगितली, त्यातला गुलाबी सांगितला. "मग बाजारात तो करडा का?" त्याने विचारले. माशाच्या त्वचेत अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांवरून प्रकाश परततो, आणि प्राण गेला की ती घडी विसकटते, हे मी त्यास समजावून दिले. नंतर पिंपाची गोष्टही सांगितली. ती सांगावयाची नव्हती, पण तिच्यावाचून उत्तर पुरे होत नव्हते. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे फादर, तुम्ही पाणी बदलले असते तर तो रंग राहिला असता?" मी होय म्हटले.

ज्या देवळाने ह्या भागास नाव दिले त्याच्या नावाचा अर्थ अन्नाने भरलेली असा आहे. माझी शेजारीण रोज पहिला घास बाजूस काढून ठेवते. आम्ही ताटावर क्रुसाची खूण करतो. दोघांनाही ठाऊक आहे की अन्न आपोआप ताटात येत नाही. परंतु माहीत असणे निराळे आणि तळहातावर दोरीचा वण असणे निराळे. तो वण आता बुजत आला आहे, म्हणून तांडेलांचा निरोप येथे लिहून ठेवला. वसईच्या माझ्या माताभगिनींनो, उद्या कोळीण दारी येईल, पाटी उतरवील आणि भाव सांगेल. घासाघीस खुशाल करा. माझी आईही करीत असे. पण त्याआधी पाटीतील एक बांगडा उचलून उजेडाकडे धरा. त्याच्या पाठीवर हिरव्याची एखादी रेघ अजून उरली असेल, तर कोणीतरी पहाटे साडेचारला उठून तो तुमच्यापर्यंत वेळेवर पोहोचविला आहे असे समजा.